केनियातल्या खेड्यात बधिर मुलांना साइन लँग्वेज शिकवायची तर सुरुवात कुठून करायची

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, घाईघाईत काहीतरी लिहून टाकायला नको म्हणून. तुम्ही लिहिलंय की मिस्टरांना पश्चिम केनियात काकामेगाच्या बाजूला साखर कारखान्यात दोन वर्षांसाठी नोकरी लागलीये, तुम्ही सांगलीत इंडियन साइन लँग्वेजचा कोर्स केलाय, तिकडच्या खेड्यांत बधिर मुलं नुसती घरी बसून असतात असं ऐकलंय, मैत्रिणींनी मिळून दीड लाख रुपये जमवलेत आणि त्यातून सहा महिन्यांचा फुकट क्लास काढायचा विचार आहे. विचारलंय काय, तर आयएसएल शिकवू की अमेरिकन, ॲप कुठलं चांगलं, आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर असणार आहे तर तिला अशा ठिकाणी न्यावं का.

माझ्याबद्दल दोन ओळी. मी ऐकणारी आहे, साताऱ्याकडे बधिर मुलांच्या शाळेत सात वर्षं शिकवलं, त्यानंतर नऊ वर्षं केनियात सियाया काउंटीत (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) बोंडोच्या आसपासच्या गावांत काम केलं. तुम्ही जाताय तिथून ते फार लांब नाही, पण भाषा बदलते, माझ्याकडे धोलुओ बोलायचे, तुमच्याकडे लुह्या आणि स्वाहिली जास्त. तेव्हा मी जे सांगते ते त्या पट्ट्यापुरतं धरा, घाना किंवा मालीतल्या खेड्याला ते जसंच्या तसं लागू होईल असं नाही.

आता मुद्दा. तुम्ही विचारताय कुठली भाषा शिकवू, पण मला वाटतं त्याच्या आधीचा एक प्रश्न राहून गेलाय, तो असा की त्या मुलाशी दिवसभर बोलणार कोण आहे. तुम्ही आठवड्यातून दोनदा तासभर जाल, पन्नास खुणा शिकवाल, मूल हुशार असेल तर महिन्याभरात दीडशे शिकेल, आणि मग घरी जाऊन त्या कोणाला दाखवेल? आईला येत नाहीत, आजीला येत नाहीत, शेजारच्या पोरांना येत नाहीत. आपण मराठी शिकलो ते बालवाडीतल्या बाईंमुळे नाही, घरात चोवीस तास कानावर पडत होतं म्हणून. बधिर बाळाला तेच डोळ्यांवर पडावं लागतं, आणि बहुतेक बधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे घरात भाषा असूनसुद्धा त्या मुलासाठी ती नसते. तुटवडा खुणांचा नाहीये, समोर बसून बोलणाऱ्या माणसाचा आहे, आणि हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे निर्णय बरेच सोपे होतात.

एक प्रसंग सांगते, कारण तो मी विसरू शकत नाही. तलावाच्या बाजूच्या एका गावात नऊ वर्षांचा मुलगा होता, जन्मापासून बधिर. त्याच्या आणि आईच्या मिळून वीसेक घरगुती खुणा होत्या. जेवण म्हणजे तोंडाकडे चिमूट, गाय म्हणजे डोक्यावर दोन बोटं, वडील म्हणजे हनुवटीखाली दाढी, कारण ते किसुमूला कामाला होते आणि दाढी ठेवायचे. आईला अचानक पोटाच्या ऑपरेशनला न्यावं लागलं. ती रडत बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवर, बसली आणि गेली, आणि हे पोरगं तीन दिवस रस्त्याच्या कडेला त्याच जागी बसून राहिलं जिथून ती मोटरसायकल वळली होती. आजी ताटलीत उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, घेऊन तिथेच जायची. कारण "आई परत येणार आहे" हे सांगायला त्या घरात एकही खूण नव्हती. उद्या नव्हतं, परवा नव्हतं, का नव्हतं. आई परत आल्यावर तो चार दिवस तिचा पदर सोडत नव्हता, म्हणजे तिथे पदर नसतो, लेसो असतो कमरेला, तो मुठीत धरून फिरायचा. तुम्ही क्लास काढून त्याला रंग आणि प्राणी शिकवले असते तरी या तीन दिवसांत काही फरक पडला नसता.

आता तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: आयएसएलही नाही आणि अमेरिकनही नाही. केनियाची स्वतःची केनियन साइन लँग्वेज आहे, सगळे केएसएल म्हणतात, आणि २०१० च्या राज्यघटनेत तिचा विकास करायची जबाबदारी सरकारवर टाकलीये, संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत भाषांत स्वाहिली आणि इंग्रजीच्या बरोबरीने ती आहे. तुमचं आयएसएल वाया जाणार नाही, चेहऱ्यावरून प्रश्न विचारणं, हवेत जागा ठरवून माणसं उभी करणं, डोळे न हलवता ऐकणं ही सवय लागलेली असते आणि ती फार मोलाची आहे. पण शब्द वेगळे, आणि आपली दोन हातांची अक्षरं तिथे चालत नाहीत, त्यांची एका हाताची आहेत, अमेरिकन अक्षरांशी बऱ्यापैकी जुळणारी. त्यामुळेच लोकांना वाटतं की केएसएल म्हणजे अमेरिकनच. नाहीये. मला स्वतःला सुरुवातीला तसंच वाटलं होतं आणि त्याची किंमत मुलांनी मोजली, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्या वर्षी मी अमेरिकन व्हिडिओ डाउनलोड करून नेले होते आणि चित्रांची कार्डं छापून घेतली होती. चार महिने शिकवलं. मुलं छान करायची, फोटो छान यायचे. मग एक दिवस बाजारात एक बधिर टेलर बाई भेटली, टपरीत मशीन घेऊन बसायची, मी दोन मुलींना घेऊन तिच्याकडे युनिफॉर्मचं माप द्यायला गेले. मुलींनी मोठ्या उत्साहाने खुणा केल्या, ती बघत राहिली, मग तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं की या पोरी कुठल्या देशातनं आल्या. तिला राग आला नव्हता, तिला खरंच कळेना. त्या दोन्ही मुलींचं घर तिच्या टपरीपासून पायी अर्ध्या तासावर होतं. मी त्यांना अशी भाषा दिली होती जी त्यांच्या पंचक्रोशीत दुसरं कोणी बोलत नव्हतं. त्या दिवसानंतर मी शिकवणं बंद केलं आणि त्या टेलर बाईला विचारलं की तुम्ही शिकवाल का. पुढची आठ वर्षं जे काही चांगलं झालं ते तिच्या आणि तिच्यासारख्या अजून सहा जणांच्या हातून झालं.

बाहेरून भाषा येणं यात नवीन काही नाही. अँड्र्यू फॉस्टर नावाचे एक कृष्णवर्णीय अमेरिकन गृहस्थ होते, अकरा वर्षांचे असताना मेनिंजायटिसने (मेंदूच्या आवरणाच्या सुजेने) बधिर झालेले, गॅलॉडेट या अमेरिकेतल्या बधिरांच्या विद्यापीठातून १९५४ मध्ये पदवी घेणारे पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी. त्यांनी १९५७ मध्ये घानात अक्रा इथे बधिर मुलांची शाळा काढली आणि १९८७ मध्ये रवांडात विमान अपघातात जाईपर्यंत आफ्रिकेतल्या तेरा देशांत तीसवर शाळा उभ्या केल्या. त्यांच्याबरोबर अमेरिकन खुणा आल्या आणि घाना, नायजेरिया, पश्चिम आफ्रिकेतल्या कित्येक फ्रेंच बोलणाऱ्या देशांच्या साइन लँग्वेजवर तो ठसा आजही आहे. मला त्या माणसाबद्दल अतोनात आदर आहे, कारण ते स्वतः बधिर होते आणि त्यांनी स्थानिक बधिर तरुणांना शिक्षक केलं. पण त्याच घानात आदामोरोबे नावाचं एक गाव आहे, तिथे पिढ्यानपिढ्या आनुवंशिक बधिरपणा असल्याने गावाची स्वतःची साइन लँग्वेज तयार झाली, ऐकणारे लोकसुद्धा ती वापरतात. आता तिथली बधिर मुलं बाहेर बोर्डिंगच्या शाळेत जातात, शाळेतली घानियन साइन लँग्वेज घेऊन येतात, आणि गावची जुनी भाषा मागे पडत चाललीये. शाळा नकोत असं म्हणायचं नाहीये मला. पण कुठल्याही गावात पोत्यानं खुणा घेऊन उतरायच्या आधी तिथे काय बोललं जातंय ते बघायचं, एवढं तरी आपण करू शकतो.

मग बधिर माणसं सापडणार कुठे? तुम्हाला वाटेल खेड्यात कोणी नसेल. असतात. तुमच्या भागात तर हे तुलनेने सोपं आहे, कारण मुमियासला बधिर मुलांची शाळा आहे आणि बोंडोजवळ न्यांगोमाला दुसरी, दोन्ही १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू. सुरुवातीला भर ओठ वाचून बोलायला लावण्यावर होता, तरी पोरं डॉर्मिटरीत रात्री खुणांनीच बोलायची, आणि तिथेच भाषा वाढत गेली. एवढ्या वर्षांत शिकून बाहेर पडलेली माणसं आसपासच्या बाजारांत पसरलेली आहेत, सुतार, टेलर, सलूनवाल्या, वेल्डिंगवाले. बाजाराच्या दिवशी जा आणि फर्निचरच्या दुकानांच्या रांगेत हळूहळू चालत डोळे उघडे ठेवा. एक सापडला की तो दहा जणांकडे नेतो, कारण बधिर माणसांचं जाळं घट्ट असतं, रविवारी चर्चनंतर भेटतात, व्हिडिओ कॉलवर असतात. केनियाच्या बधिरांची राष्ट्रीय संघटना आहे, काउंटी पातळीवर तिची माणसं असतात, त्यांना आधी भेटा, परवानगी मागायला नाही तर विचारायला की तुम्ही इथे काय करताय आणि कशात अडलंय.

आणि त्यांच्याकडून केएसएल शिका. ॲप कुठलं म्हणाल तर कुठलंच नको, पहिले तीन महिने. शब्द बघायला नंतर वापरा. तीन महिने आठवड्यातून चार दिवस कोणातरी बधिर बाईकडे बसा, तिला ट्यूशनचे पैसे द्या, तिच्याबरोबर भाजी निवडा, सुकुमा ही तिथली पालेभाजी चिरा. तुमचे तीन महिने "वाया" जातील आणि मैत्रिणी विचारतील की क्लास कधी सुरू होणार. त्यांना सांगा चालू झालाय, विद्यार्थिनी मीच आहे.

पैशांबद्दल माझं मत ठाम आहे. दीड लाखातले निम्म्याहून जास्त बधिर ट्यूटरच्या मानधनावर आणि त्यांच्या बोडाबोडाच्या भाड्यावर गेले पाहिजेत. हॉल, बॅनर, टी-शर्ट, सर्टिफिकेट यावर शून्य. मी एक संस्था बघितली, नाव घेत नाही, तिने ऐकणाऱ्या ट्रेनरला हॉटेलचा भत्ता दिला आणि बधिर ट्यूटरला "अनुभव मिळेल" म्हणून फुकट बोलावलं. तो तीनदा आला आणि मग त्याने सुतारकाम सोडून येणं बंद केलं, बरोबरच केलं त्याने, त्याच्या घरी चार पोरं होती. जो माणूस दिवसाची मजुरी बुडवून येतो त्याला मजुरीपेक्षा थोडे जास्तच द्या, आणि दर आठवड्याला द्या, महिनाअखेरीला नाही. भाडं जाण्याआधी हातात द्या, कारण पावसाळ्यात मुरमाच्या रस्त्याला दुप्पट भाडं होतं आणि खिशात नसेल तर माणूस निघतच नाही.

आमची पद्धत पुढे अशी बसली, तुम्ही त्यात फेरफार करा. एक बधिर ट्यूटर चार घरं धरायचा, प्रत्येक घरी आठवड्यातून दोनदा, दीड-दोन तास. तिथे तो वर्ग घ्यायचा नाही. आई भांडी घासत असेल तर तिच्या शेजारी बसायचा, कोंबड्यांना दाणे टाकताना बोलायचा, मूल जे बघतंय त्याबद्दल बोलायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे मुलाची घरगुती खूण मोडायची नाही. दाढीवाली खूण वडिलांची असेल तर असू दे, ट्यूटर तीही वापरायचा आणि तिच्या शेजारी केएसएलची ठेवायचा, मूल काही महिन्यांत आपोआप दोन्ही वापरायला लागतं. त्या आईने नऊ वर्षं स्वतःच्या हातांनी जी भाषा जुळवली ती "चूक" आहे असं तिला कधीही वाटता कामा नये, त्या वीस खुणा प्रेमातून आलेल्या असतात आणि त्यांच्यावरच पुढचं सगळं उभं राहतं.

घरभेटीला कायम दोघं जायचे, एकटं कोणी नाही, आणि दार उघडं. हे नियम पहिल्या दिवसापासून लावा.

आया गोळा करणं हा वेगळा प्रकार. पहिल्यांदा मी शनिवारी सकाळी प्रायमरी शाळेत पालकवर्ग ठेवला. पहिल्या शनिवारी १४ आया आल्या, चौथ्या शनिवारी ५. मला वाटलं यांना कळकळ नाही. नंतर कळलं की शनिवार म्हणजे शेतात खुरपणी आणि धुणं, आणि दोघीजणी तर आठ किलोमीटर चालत यायच्या. मग त्यातल्याच एकीने सुचवलं की चामाच्या मीटिंगला जोडा. चामा म्हणजे आपला बचत गट, अगदी तसाच, दर आठवड्याला बायका एकत्र बसतात, पैसे टाकतात, वही लिहितात. तिथे पैसे मोजून झाले की पाऊण तास केएसएल, आणि बधिर मुलाची आईच नाही तर गटातल्या सगळ्याच बायका शिकायच्या. याचा फायदा मला आधी सुचला नव्हता: शेजारणींना खुणा यायला लागल्यावर मूल पाणवठ्यावर गेलं तरी कोणीतरी त्याच्याशी बोलायचं. बऱ्याच घरांत मूल आजीकडे असतं, आईबाप शहरात, तेव्हा आजीला धरा. आजीला लिहितावाचता येत नाही म्हणून घाबरू नका, साइन लँग्वेजला वाचता यावं लागत नाही.

आधी काय शिकवायचं, यावर आमच्यात खूप चर्चा व्हायची आणि टेलर बाईंचंच म्हणणं खरं ठरलं. एबीसी नाही, रंग नाही, प्राणी नाही. आधी घरातल्या प्रत्येकाचं साइन नेम, म्हणजे त्या माणसाच्या नावाची खूण. मग काल, आज, उद्या, किती झोपा म्हणजे किती रात्री. मग कोण, कुठे, का. मग दुखतंय, भीती वाटतेय, राग आला, नको. मग शरीराचे सगळे भाग, सगळे म्हणजे सगळे, आणि इथे कोणी हात लावायचा नाही, लावला तर मला सांग. बधिर मुलींवर अत्याचार होतात कारण करणाऱ्याला खात्री असते की ही सांगू शकणार नाही, आणि भाषा नसली तर ती खरंच सांगू शकत नाही, ना आईला ना पोलिसांना. हा विषय आया काढायला लाजतात, ऐकणारी परदेशी बाई म्हणून तुम्ही काढू नका, स्थानिक बधिर बाईलाच काढू दे, पण पहिल्या तीन महिन्यांतच काढायचा.

त्या रस्त्याकडेला बसलेल्या मुलाचं सांगायचं राहिलं. ट्यूटर जायला लागल्यावर सात-आठ महिन्यांनी आईला पुन्हा दवाखान्यात जायचं होतं, चेकअपला. तिने आदल्या रात्री त्याच्यासमोर दोन मक्याचे दाणे ठेवले, गाल हातावर टेकवून झोपायची खूण केली, एक दाणा उचलला, पुन्हा झोप, दुसरा उचलला, मग आई, मग परत येणं. तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने विचारलं, का? पोटाकडे बोट दाखवून. दुखतंय का, असं. त्याने "का" विचारलं ते हे पहिल्यांदा. आईने मला हे सांगितलं तेव्हा ती ते दोन दाणे कसे ठेवले ते जमिनीवर पुन्हा पुन्हा ठेवून दाखवत होती.

आता जिथे परिस्थितीवर अवलंबून आहे ते सांगते. मूल तीन वर्षांचं असेल तर घर हेच सगळं, शाळेची घाई नको, आईला भाषा द्या. सहा-सात वर्षांचं असेल तर बधिर मुलांच्या शाळेत घालणं बहुतेक वेळा चांगलं, कारण तिथे पन्नास मुलं दिवसभर साइन करत असतात आणि तेवढी भाषा तुम्ही कुठल्याही घरी नेऊ शकत नाही. तेरा-चौदा वर्षांचं मूल भाषेशिवाय वाढलेलं असेल तर ते शिकेल, मी वीस वर्षांचा मुलगासुद्धा शिकताना बघितलाय, पण पहिली पाच-सहा वर्षं गेल्याचा फटका बसलेला असतो, वाक्यं जुळवायला, वेळेची कल्पना यायला फार वेळ लागतो, आणि आईबापांना "सहा महिन्यांत बोलायला लागेल" असं सांगणं म्हणजे फसवणूक आहे. अशा मुलासाठी बधिर सुताराकडे काम शिकायला बसणं हा भाषेचा आणि पोटाचा दोन्हीचा रस्ता होतो.

शाळेचं एक दुखणं लक्षात ठेवा. बहुतेक बधिर शाळा बोर्डिंगच्या, आणि मुलं एप्रिल, ऑगस्ट आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुट्टीत घरी येतात. शाळेत बडबड करणारं मूल घरी आलं की गप्प. मला एका बारा वर्षांच्या मुलीने सांगितलं होतं की सुट्टीत तिचे हात झोपतात. म्हणून तुमच्या सगळ्या कामात जास्तीत जास्त जोर या सुट्ट्यांवर लावा. ऑगस्टमध्ये मुलं घरी असतात, तेव्हा मुलांनाच मास्तर करा, ती आईला आणि भावंडांना शिकवतील, बधिर ट्यूटर फक्त सोबत बसेल. आमच्याकडे सगळ्यात झपाट्याने भावंडं शिकली, आया नंतर, वडील सगळ्यात शेवटी.

शाळांबद्दल अजून एक, तिथले काही शिक्षक इंग्रजी वाक्याच्या क्रमाने एकेक शब्दाची खूण करतात आणि त्याला साइन लँग्वेज म्हणतात. मुलांना ते अर्धवट कळतं. तुम्ही शाळेत मदतीला गेलात तर यावर वाद घालू नका, शिक्षकांची बदली होऊन ते कालच आलेले असतात आणि त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. बधिर ट्यूटरला वर्गात बसवायची परवानगी मिळवा, त्याने जास्त फरक पडतो.

कान तपासायला विसरू नका, भाषेच्या नादात हे राहून जातं. शिक्षण खात्याची तपासणी केंद्रं आहेत, मुलाची तपासणी करून पुढची शाळा सुचवतात, तिथे किंवा काउंटी हॉस्पिटलला आधी न्या. मी दोन मुलं अशी बघितली की त्यांचे कान वर्षानुवर्षं वाहत होते, उपचार झाल्यावर बऱ्यापैकी ऐकू यायला लागलं. गावात तुम्हाला ऐकायला मिळेल की मलेरियाचं इंजेक्शन दिलं आणि कान गेले. कधी ते खरं असतं, क्विनिनने कानात आवाज येतो आणि ऐकू कमी होतं पण ते बहुधा परत येतं, जेंटामायसिन या अँटिबायोटिकने गेलेलं मात्र परत येत नाही. आणि पुष्कळदा तो ताप मलेरियाचा नसतोच, मेनिंजायटिसचा असतो. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात या आजाराने किती मुलं बधिर झाली असतील याचा विचार करवत नाही, आणि म्हणून मला कायम अभिमान वाटतो की तिथला तेव्हाचा मुख्य प्रकार, मेनिंजायटिस ए, रोखणारी मेनाफ्रिव्हॅक ही लस आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनली, २०१० मध्ये बुर्किना फासोपासून द्यायला सुरुवात झाली, आणि डोसची किंमत अर्ध्या डॉलरच्या आत ठेवली होती.

तुम्ही शेवटी लिहिलंय की जमलं तर दवाखान्यातल्या नर्सेस आणि पोलिसांसाठी पण दोन आठवड्यांचं ट्रेनिंग ठेवू. इथे माझा स्पष्ट विरोध आहे, निदान सर्टिफिकेटवाल्या ट्रेनिंगला. दोन आठवड्यांत माणूस नमस्कार आणि नाव विचारायला शिकतो. आणि मग त्याच्याकडे सर्टिफिकेट आहे म्हणून त्यालाच दुभाषा म्हणून उभं करतात. मी एका बाईच्या बाळंतपणात असं झालेलं बघितलं, नर्सने ट्रेनिंग केलं होतं, तिने बाईच्या मानेचं हलणं होकार समजलं, आणि ती बाई नको म्हणत होती. नर्सेसना शिकवायचंच असेल तर अर्धा दिवस पुरतो: बधिर बाई समोर आली की नवऱ्याकडे किंवा सासूकडे बघून बोलायचं नाही तिच्याकडे बघायचं, दुभाष्याचा नंबर भिंतीवर लावायचा आणि व्हिडिओ कॉल लावायचा, आणि मला येत नाही हे कबूल करायचं. तो अर्धा दिवस बधिर बायकांनीच घ्यायचा, स्वतःचे अनुभव सांगून. खरे दुभाषे तयार व्हायला वर्षं लागतात.

शब्दांचंही सांभाळा. स्वाहिलीत बधिर म्हणजे किझिवी, तो चालतो. बुबू म्हणजे मुका, तो लोक सर्रास वापरतात आणि बधिर माणसांना तो लागतो. आपल्याकडचं मूकबधिर तसंच आहे, तेही सोडून द्या, मुकी नसतात ती.

थोडक्यात तुमच्यापुरतं मांडते. पहिले तीन महिने केएसएल शिका आणि बधिर प्रौढांशी ओळखी करा, पुढचे दोन-तीन महिने चीफच्या बराझात, म्हणजे गावच्या सरकारी अधिकाऱ्याच्या जाहीर सभेत, आणि आरोग्यसेविकांमार्फत मुलं शोधा, कान तपासून घ्या, मग दोन ट्यूटर आणि सात-आठ घरं, त्याहून जास्त नाही. सहा महिन्यांचा क्लास नको, तेच पैसे पुरवून पुरवून दीड वर्ष न्या. मुलं घरात लपवलीयेत असं बोलून सुरुवात करू नका, बऱ्याच आया मुलाला मोटरसायकलचा हॉर्न ऐकू येत नाही म्हणून अंगणात ठेवतात. आणि एक कागदपत्राचं, डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर, असं काम, अगदी फुकट सुद्धा, चालतं का हे इमिग्रेशनकडून आधी लेखी घ्या.

दोन वर्षांनी तुम्ही परत येणार हे आजच धरून चला. पैशांची वही पहिल्यापासून बधिर गटाकडे असू दे, खातं त्यांच्या नावावर, तुमची सही नको. चुका होतील, आमच्याकडे एकदा ट्यूटरांनी तीन महिन्यांचं भाडं एका लग्नाला दिलं होतं, चिडले मी, मग त्यांनीच चामासारखी वर्गणी काढून ते भरलं. मी येऊन आता काही वर्षं झाली आणि ती टेलर बाई अजून पाच घरं करते, मला त्यांचे व्हिडिओ येतात.

राहिली तुमची मुलगी. न्या तिला, जरूर न्या, पण मुलांमध्ये सोडा, स्वतःजवळ बसवू नका. सहा वर्षांची पोरं चार दिवसांत खेळाएवढं बोलायला लागतात आणि तुम्ही अजून अक्षरांशी झगडत असाल. तिला साइन नेम तुमच्या आधी मिळेल बहुतेक. ते मागायचं नसतं, बधिर माणसं स्वतः बघून ठरवतात, गालावरची खळी, केसांची पिन, चालायची लकब, काहीही. मला दीड वर्ष लागलं होतं. माझं नाव म्हणजे दोन बोटांनी नाकावरचा चष्मा वर सरकवणं, कारण उन्हात घाम आला की मी सारखं ते करायचे, आणि ते मला त्या दाढीवाल्या बापाच्या मुलाने दिलं.